थोरलीची तपासणी

मी तिसरीच्या मुलींना फळ्यावर भागाकार समजावत होते, तेव्हा माझा भाऊ दत्तू वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. पायाला शेतातली माती तशीच. पौडहून मिळेल त्या पहिल्या एस.टी.ने पुण्याला आला होता. मी बाहेर गेले. "ताई, थोरली गेली," तो म्हणाला. "सकाळी पेज प्यायली, जरा पडते म्हणाली, ती उठलीच न्हाई." मी म्हटलं, "बरं. तास संपू दे." आत येऊन मी भागाकार पुरा केला, बाकी किती उरली ते मुलींकडून म्हणवून घेतलं, फळा पुसला. मग मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन रजा मागितली. त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" ... आणि मला चटकन सांगताच येईना. आई म्हणावं, तर आई घरी होती. मी म्हटलं, "घरातलं मोठं माणूस." गाडीत दत्तू खिडकीकडे तोंड करून रडत होता. मी समोरच्या बाकावरच्या बाईच्या टोपलीतली वांगी बघत बसले होते. या गोष्टीला आता महिना होऊन गेला, पण मी अजून त्या वांग्यांपाशीच आहे असं वाटतं. रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

थोरली म्हणजे माझ्या वडिलांची पहिली बायको, भागीरथी. तिला मूल झालं नाही, म्हणून वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्या दुसरीची आम्ही दोन मुलं. आमच्या गावात, कासार आंबोलीला, सगळे सांगतात की माझ्या आईला बघायला थोरलीच गेली होती, आणि "पोरगी कामाची हाय" म्हणून पसंतीही तिनेच दिली. आई तिला "बाई" म्हणायची, ती आईला "सरू". आम्ही वाढलो ते थोरलीच्या कडेवर. आई शेतात, थोरली घरात, अशी वाटणी होती. भांडण मी कधी ऐकलं नाही, वडील असेपर्यंत तरी. ते गेले, त्यांचं वर्षश्राद्ध आलं. पाहुण्यांच्या गडबडीत आईकडून खीर खाली लागली, थोरली आईला सगळ्यांसमोर बोलली, आणि आईच्या तोंडून एक शब्द गेला. मूल नसलेल्या बाईला जो शब्द लावतात, तो. थोरलीने हात धुतले, पदराला पुसले, पाहुण्यांना वाढलं. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या पडवीत तीन दगड मांडले आणि आपला भात वेगळा शिजवला.

त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या घरात दोन चुली पेटत होत्या. दोघी एका गोठ्यात शेण काढायच्या, एका बांधावर उभ्या राहून भात लावायच्या, पण बोलायच्या आमच्या मार्फत. "शांते, तुझ्या आईला सांग, गाईची धार काढायची ऱ्हायलीय." आई हाताच्या अंतरावर उभी असायची. मी सांगायचा प्रश्नच नसायचा. आई तशीच चरवी घेऊन निघायची. मी शिकले, पुण्यात मास्तरीण झाले, लग्न झालं. सुटीला गेले की दोन्ही चुलींवर जेवायचे. सवय झाली होती. घराची अशी रीतच असते असं वाटावं इतकी.

एका दिवाळीत थोरली एकाच बाजूने चावताना दिसली. भाकरी पाण्यात भिजवून खात होती. मिश्री लावायची तिला जन्माची सवय. गालाच्या आत, जिथे ती मिश्री धरून ठेवायची, तिथे एक चट्टा झाला होता. "तोंड आलंय," म्हणाली. मी पुण्याला नेलं. दवाखान्यात तुकडा काढून तपासला आणि तरुण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, कॅन्सर आहे, अजून पसरलेला दिसत नाही, लाइट द्यायला हवी. क्ष-किरणांनी जाळण्याला तिथे सगळे "लाइट देणं" म्हणायचे. "पण म्हातारं माणूस असलं की आमचे मोठे डॉक्टर आधी स्वतः बघतात. त्यांनी हो म्हटलं की सुरू."

मोठ्या डॉक्टरांच्या तपासणीसाठी मी तिला न्यायला गावी गेले, तर परतीच्या एस.टी.त मागच्या बाकावर आई आधीच येऊन बसली होती. धुवट लुगडं, हातात पिशवी. मी विचारलं, "तू कशाला?" "बसायला," आई म्हणाली. थोरली पुढच्या बाकावर बसली. 

मोठे डॉक्टर पन्नाशीचे, बारीक, आवाज एकदम खाली. मला वाटलं तोंड बघतील, छातीला नळी लावतील, सोडतील. तोंड त्यांनी सगळ्यांत शेवटी बघितलं. आधी वय विचारलं. थोरली म्हणाली, "ते मला न्हाई ठावं. धरणाचं काम निघालं तवा माजं लगीन होऊन लई वर्सं झाली व्हती." डॉक्टरांनी मनात हिशेब केला, मान हलवली. मग हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मुठीत स्वतःची दोन बोटं दिली, "दाबा" म्हणाले. पाटा, गाय, दिवा असे तीन शब्द सांगून "मागाहून विचारीन" म्हणाले. थोरली माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्ये काय गं? पुन्यांदा लगीन लावून देतायत का काय माजं?" डॉक्टर हसले. मी मात्र अवघडून गेले. दुखणं गालात आणि हे चालायला काय लावतात...

"काल दिवसभरात काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं.

"खाल्लं की. पेज."

"आणि?"

"पेजच."

"परवा?"

 तेवढ्यात खालून, भिंतीला टेकून बसलेल्या आईचा आवाज आला. "दिवाळीपासनं पेजच पित्यात. त्यातली बी निम्मी कुत्र्याला घालत्यात. मला धूर दिसतो चुलीचा. लवकर इझतो." आई डॉक्टरांकडे बघून बोलत होती, थोरलीकडे नाही.

डॉक्टरांनी वजन घेतलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. रात्री झोप लागते का, मन लागतं का, असं विचारलं. "मन कशात लावायचं?" थोरली म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "मुलं किती तुम्हांला?"

खोलीत पंखा फिरत होता. मी आईकडे बघितलं नाही. थोरली म्हणाली, "दोन. ही लेक, आन् घरी ल्योक हाय."

"आणि ह्या कोण?"

"ती माजी धाकली."

डॉक्टरांना ती धाकटी बहीण वाटली असावी. "बहीण आहे हे बरं झालं," ते म्हणाले. आम्ही तिघींपैकी कुणीच ती चूक दुरुस्त केली नाही. आईने पदर पुढे ओढून घेतला, एवढं मला दिसलं. "आता ते तीन शब्द सांगा," डॉक्टर म्हणाले. "पाटा, गाय, दिवा," थोरलीने सांगितलं. "आमच्याकडं कंदील हाय पन."

शेवटी त्यांनी तोंड बघितलं आणि म्हणाले, लाइट आत्ता द्यायची नाही. मी जवळजवळ भांडलेच. तरुण डॉक्टर लगेच सुरू करा म्हणतात आणि तुम्ही थांबा म्हणता, तोवर चट्टा वाढला तर? त्यांनी ऐकून घेतलं. "ती भीती आहेच, आणि मी ती नाकारत नाही. पण आत्ताच्या अंगाला ही लाइट सोसणार नाही. तोंड सोलून निघेल, मग पेजही जायची नाही. आजार राहील बाजूला, उपायच यांना नेईल. किडके दात काढून टाकू. रक्त वाढायचं औषध देतो. तीन-चार आठवडे खाऊ घाला आणि परत आणा." मग ते खाली वाकून आईला म्हणाले, "घरी खाऊ कोण घालणार?"

"मी हाय की," आई म्हणाली.

घरी परतल्यावर आईने पडवीतले तीन दगड उचलले नाहीत की मोडले नाहीत. नुसती संध्याकाळी आपल्या चुलीवरचं पातेलं घेऊन पडवीत गेली. आंबेमोहराचा गुरगुट्या भात, त्यावर तूप. थोरली पाठ करून बसली होती. आई तिच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "तोंड उघडा, बाई." इतक्या वर्षांनी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य. मी आणि दत्तू माजघराच्या दारातून बघत होतो. थोरलीने घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि म्हणाली, "मीठ न्हाई." आई उठली, मीठ घेऊन आली. झालं ते एवढंच. त्या शब्दाबद्दल आई तेव्हा काही म्हणाली नाही, पुढेही कधी नाही. मी वाट बघत होते. थोरली बघत होती की नाही, सांगता येत नाही.

मग कोंबडीचं आळणी पाणी, दुधातली नाचणी, मऊ अंडी असं चालू झालं. थोरली कुरकुरायची, आई ऐकायची नाही. संध्याकाळी आई तिला ओढ्यापर्यंत चालवून आणायची, "डाक्टर चालायला लावत्यात" म्हणून. पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा काट्याचा आकडा बघून डॉक्टरांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "आता करू सुरू." चट्टा किंचित वाढला होता. त्यांनी तेही लपवलं नाही.

दीडएक महिना दोघी माझ्या दोन खोल्यांत राहिल्या. रोज लाइट. पुढेपुढे थोरलीचं तोंड आतून सगळं उकललं, बोलणं बंद झालं. ती बोटाने खूण करायची आणि आई उठायची. पाणी, थुंकदाणी, उशी, नेमकं तेच आणायची. मला त्या खुणा शेवटपर्यंत समजल्या नाहीत. एकदा मी शाळेतून आले तर आई तिची वेणी घालत होती आणि थोरली डोळे मिटून बसली होती. मी चपला हातात घेऊन पुन्हा जिन्यात जाऊन बसले.

त्यातून ती उठली. चट्टा गेला, गाल आत ओढला गेला, पण ती भाकरी कुस्करून खायची, बांधावर जायची, दत्तूच्या बायकोला ओरडायची. अशी दोन वर्षं बरी गेली. गेल्या पावसाळ्यात मानेत गाठ आली. तेच डॉक्टर, तीच खुर्ची. या वेळी हात टेकल्याशिवाय तिला उठता आलं नाही. तीन शब्दांतला एक तिला आठवला नाही. डॉक्टर बराच वेळ तिचा हात धरून बसले. मग आम्हांला न विचारता त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, पुन्हा लाइट दिली तर थोडे दिवस वाढतील कदाचित, पण ते इथेच जातील. तुम्हांला काय वाटतं?"

"भात कापायला आलाय," थोरली म्हणाली. "घरी जाते."

"जा," डॉक्टर म्हणाले. दुखायचं औषध दिलं, ते कसं द्यायचं ते आईला दोनदा समजावलं. जाताना थोरलीने त्यांना म्हटलं, "लई चांगलं बघितलंत मला." भात कापून, झोडून झाला. तिने ओसरीत बसून सगळं बघितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती पेज पिऊन पडली.

मी पोचले तेव्हा आई तिच्या उशाशी बसली होती. बायका रडत होत्या. आई रडत नव्हती, थोरलीच्या पायांवरचं लुगडं सारखं करत होती. पुन्हा पुन्हा, सारखं असलेलंच. आम्ही मायलेकींनी तेव्हा एकमेकींकडे बघितलं नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, मी पुण्याला आले, शाळा चालू झाली.

गेल्या रविवारी गेले होते. घरामागच्या कुंपणावर थोरलीने श्रावणात लावलेला वाल चढला आहे. शेंगा भरून टच्च झाल्यात, काही तर वाळून तडकायला लागल्यात. आमच्याकडे वाल कधी तोडायचा ते थोरली सांगायची, दोन चुली होत्या तेव्हासुद्धा. आई ओसरीत तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "आई, शेंगा वाया चालल्यात. तोडू का?"

"नको," आई म्हणाली. सुपावरची नजर तिने वर केली नाही. "बाईंनी अजून सांगितलं न्हाई."

मग तिचे हात थांबले. सुपातला एक खडा तिने बाहेर टाकला आणि ती पुन्हा पाखडायला लागली. मीही कुंपणाकडे गेले नाही. गाडीची वेळ होईपर्यंत तिच्याशेजारी बसून तांदळातले खडे काढत राहिले.