एक वाजून पंधरा मिनिटांनी कोण जेवलं?

अगं भाचे, तो मोबाइल पालथा ठेव आणि मी लिहिलंय ते नीट वाच. रोज सकाळी "आत्या, कशी आहेस?" एवढा मेसेज टाकला की सुटलीस, असं वाटतं ना तुला? नाही सुटलीस. गप ऐक, आणि वाचणाऱ्या बाकीच्यांनीही ऐका. नोकरीतली एक केस माझ्या मनातून अजून जात नाही. तिच्यात ना रक्त, ना चोरी. पण आठवली की मी एकटीच हसत बसते.

मी पोलिसात शिपाई म्हणून लागले. खांद्यावर दोन तारे येईपर्यंत जे शिकले ते कामावरच. तेव्हा मुलुंडला पोलीस स्टेशनात सब-इन्स्पेक्टर होते. एके दिवशी तक्रारी घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी गलका ऐकू आला. मालवणकडच्या एक बाई मोबाइल नाचवत होत्या.

"माझा चेडू माझ्या फुड्यात तापान निजलेला, आणि हेच्यावर मेसेज येता, जेवले म्हणून! मगे जेवला कोण?"

मी त्यांना पाणी दिलं, बसवलं. मायलेकी दोघीच घरात. मुलगी अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत प्रोग्राम लिहायची. दुपारी जेवली की आईला मेसेज करायची, दोन वर्षं ऑफिसचा एकही दिवस चुकली नव्हती. काल ती तापानं घरीच होती, गाढ झोपेत, तरी मेसेज आला. बाईंचं म्हणणं, कोणीतरी मुलीच्या नावानं खेळतंय. "ती नोकरी बंद, मॅडम. उद्यापासून अंधेरी बंद!"

आमचा हवालदार लगेच म्हणाला, "सिमचा घोळ आहे मॅडम, पक्का. सायबरला पाठवा."

मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. पण कुठेही पाठवण्याआधी ते मेसेज स्वतः वाचायचे ठरवले. बाईंचा मोबाइल घेऊन मागे मागे जात राहिले. "जेवले गं आई." एक पंधरा. "डबा संपवला." एक पंधरा. "भाजी झकास!" एक पंधरा.

आता यात मला काय दिसलं, सांगते. आमच्याकडे बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या भागात गस्तीला, फिरणाऱ्यांची वही असते. त्यात वेळ आणि सही. जो खरंच फिरतो त्याची वेळ वेडीवाकडी असते, अकरा सात, बारा एकोणीस. ज्याच्या वहीत बरोबर अकरा, बरोबर बारा, तो चहाच्या टपरीवर बसून सह्या करतो. अशा किती जणांना मी पकडलंय! म्हणून मनात म्हटलं, ही पोरगी टपरीवर बसलीय.

अजून एक सापडलं. एका संकष्टीला, बुधवारी, मेसेज होता, "बांगड्याचं तिखलं झकास!"

"संकष्टीला बांगडा?" मी बाईंना विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. "मी साबुदाणा दिला होता. वाटलं, ऑफिसात उपास मोडते. विचारलं नाही. चार दिवस धड बोलले नाही तिच्याशी."

ताप उतरल्यावर मी दोघींना बोलावलं. मुद्दाम एकच्या सुमारास.

"मेसेज कोण पाठवतं?"

"मीच, मॅडम. रोज."

"झोपेतसुद्धा?"

मी तिचा मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. "दोन्ही हात टेबलावर ठेव. आता वाट बघू."

सगळं स्टेशन बाईंच्या मोबाइलभोवती गोळा. हवालदार घड्याळ बघतोय. एक पंधरा. टिंग! "जेवले गं आई."

हवालदार एवढा हसला की कोठडीतला माणूस विचारायला लागला, काय झालं म्हणून.

मग पोरीनं सांगितलं. ऑफिसात प्रोग्रामची चाचणी फसली की कॉम्प्युटर आपणहून टीमच्या चॅट ग्रुपवर मेसेज टाकतो. छोटी स्क्रिप्ट लिहायची, कुठे पाठवायचं आणि कधी ते सांगायचं, बस. तशीच एक तिनं आईसाठी लिहिली. वारागणिक वाक्यं वेगळी, बुधवारी मासे. घरच्या माळ्यावरचा जुना लॅपटॉप ते काम करायचा. सुट्टीला ती ते बंद ठेवायची, तापात तेवढं राहून गेलं.

"ते डबडं?" बाई ओरडल्या. "त्याच्या शेजारी माझी कोकमाची बरणी असते! दोन वर्षं मी त्याला पाणी पी, पाणी पी म्हणून लिहिते?"

"तुझं उत्तर मी रोज वाचायचे, आई. पण आधी एखादा मेसेज चुकला की तू सात-सात फोन करायचीस."

"करणारच. तुझ्या बाबांचा डबा ऑफिसातून भरलेला परत आला होता. ते आलेच नाहीत."

पोरगी हळूच म्हणाली, "म्हणूनच एकही दिवस चुकू नये, असं वाटलं मला."

बाईंनी डोळे पुसले. "आज जेवलीस?"

"नाही."

"रोज कधी जेवतेस?"

"चार. कधी पाच."

बाईंनी पिशवीतून डबा काढून माझ्या कागदांवरच उघडला. आणि म्हणाल्या, "ते मशीन मला खोटं सांगतं, त्यापेक्षा हिला खरं सांगायला काय जातं त्याचं?"

पोरगी बॅगेतून ऑफिसचा लॅपटॉप काढून तिथेच बसली. बाईंनी मजकूर सांगितला, "एक पंधरा झाले. कामं बाजूला. डबा उघडा. आई." तो तिनं ऑफिसच्या सगळ्या ग्रुपला लावून टाकला.

मी विचारलं, "आणि नोकरी?"

"करू दे. डबा रिकामा आला पाहिजे." बाईंनी अर्ज मागे घेतल्याचा जबाब दिला, सही केली आणि हवालदारालाही एक घास खायला लावला.

महिन्याभरानं त्या आंबोळ्या घेऊन आल्या. ऑफिसातली बारा पोरं आता "आई आली" म्हणत जेवायला उठतात म्हणे. मी म्हटलं, मोबाइल दाखवा. मुलीचे मेसेज पाहिले. एक बत्तीस. एक एकोणीस. दोन वाजून तीन मिनिटं, "आज उशीर झाला, सॉरी, मिरची जास्त होती गं." मी हवालदाराला हाक मारली, "अरे, ही खरंच फिरतेय!"

त्या केसनं मला एवढं शिकवलं, की खोटं बोलणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार नसतो. काही जण समोरच्याचा जीव शांत राहावा म्हणून खोटं बोलतात. पण समोरच्याला शांतता नको असते, माणूस हवा असतो.

तर भाचे, तुझा "आत्या, कशी आहेस?" रोज बरोबर सातला येतो. ना सहा एकोणसाठ, ना सात एक. मी कालच मागचे सगळे काढून बघितले. रागावले नाही गं. पण लवकर ये. घाटकोपरहून मुलुंड काय लांब आहे? आणि वेळ कळवू नकोस, दार उघडंच आहे. तू वेडीवाकडी, कधीही ये.