चार दिवस माझ्या नावापुढं शून्य

हे आमच्या टीमसाठी आहे, पण बाकीच्यांनीही वाचावं.

आम्ही काही जण घरचे कॉम्प्युटर खगोलशास्त्राच्या संशोधनाला लावतो. दुर्बिणींनी टिपलेले संकेत ते तपासतात, आणि रोज कुणाचं किती काम झालं ते टीमच्या यादीत सगळ्यांना दिसतं.

गेल्या आठवड्यात आमच्या मुरुम गावात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. चार दिवस माझ्या नावापुढं शून्य होतं. मी एकटी राहते. कुणीतरी विचारील असं वाटलं होतं. कुणी विचारलं नाही.

आज सकाळी सगळ्यांना खडसावायला बसले. आधी यादी उघडली. अणदूरच्या स्वामीसरांपुढं दोन महिने शून्य. ते मी रोज बघत होते.

लगेच फोन लावला.

"सर, मशीन बंद पडलं का?"

"मशीन चांगलं आहे, बाई. आमची मंडळी वारली. तवापासून त्या खोलीत गेलोच न्हाय."

"मला कळवायचं तरी."

"कुणी इचारलं तर कळवावं ना."



उद्या अणदूरला जाते आहे. सरांचं शून्य तुमच्यापैकी किती जणांना दिसलं होतं? खरं सांगा.