उजवीकडचे पालथे पान

पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ रिकामी पिशवी घेऊन माझ्याकडे आला. आदल्या दिवशी श्राद्धाला आला तेव्हा हात मोकळे होते. एका रात्रीत पिशवी कशाला लागावी, हे मला लगेच उमगले. माझ्या फडताळात तिचा गंजिफांचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, डबा होता.

डबा तिच्या माहेरचा, खालापूरकडचा. आत दहा अवतारांचे दहा रंग, लाखेची गोल पाने, कडा बोटांनी झिजलेल्या. लग्नात आपण तो मागून घेतला, असे ती म्हणे. तिने न विचारता उचलला, असे भाऊ म्हणे. लहानपणी दोघे त्यावर तासन् तास भांडत, म्हणून त्याला तो परत हवा होता. मला का हवा होता, हे लिहायला शब्द सापडत नाहीत. तिच्यामागे घरात फारसे काही उरले नव्हते, एवढे पुरे.

"दाजी," ओसरीवर बसत तो म्हणाला, "मागितला तर तुमी देनार नाय. तसाच नेला तर मी चोर. खेळून टाकू या का?"

तो कर्जतच्या इंजिनशेडात कामाला होता. घाट चढण्यासाठी गाडीला जादा इंजिन जोडीपर्यंत गोरे ड्रायव्हर शेडात पोकर खेळत. ते पाहून तो शिकला आणि त्या पावसाळ्यात त्याने मला व शेजारच्या, रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या मालबाबूंना शिकवले. प्रत्येकाला एक पान पालथे आणि मग एकेक करून चार उताणी. दर पानाला पुढे काहीतरी टाकायचे, नाहीतर पाने टाकून बाजूला व्हायचे. आम्ही चिंचोके टाकत असू. त्या दिवशी मालबाबूंनाही बोलावले आणि ठरले, की आम्हा दोघांत ज्याचे चिंचोके आधी संपतील त्याचा डबा गेला.

मी हो म्हणालो, कारण नाही म्हणालो असतो तर मी शाळेत शिकवत असताना एखाद्या दुपारी फडताळ रिकामे झाले असते, अशी मला शंका होती.

पत्ते त्याचे होते, इंजिनाच्या तेलाने माखलेले. कोणता डाग तेलाचा आणि कोणता मुद्दाम लावलेला, हे मी पहिल्या डावापासून पाहत होतो. म्हणून मी पिसण्यावाटण्याचे काम मालबाबूंना दिले. पण मालबाबू वाटताना त्याच्याशीच बोलत, आणि मधूनच खोकत.

"मास्तर, माझ्या तोंडाकडे काय बघताय?" मालबाबू म्हणाले. "खोकला माझा जुना आहे. डॉक्टरला विचारा."

"दाजींना वाटतंय तुमचा खोकलाबी आपल्या बाजूचा हाय," तो हसला.

मला तसेच वाटत होते.

दुपार कलली तेव्हा दोघांचे ढीग जवळजवळ सारखे होते. मग तो डाव आला. माझे पालथे पान दश्शी. उताण्या पानांत राणी, पंजी आणि पुन्हा दश्शी आली, शेवटी चौकी. म्हणजे दश्श्यांची जोडी, एक झाकलेली, एक उघडी. मालबाबूंनी राजा टाकून डाव सोडला होता. मेहुण्यापुढे इस्पिकची दुर्री, किलवरची सत्ती, किलवरचाच राजा आणि इस्पिकची अठ्ठी उघडी पडली होती. त्याचे पालथे पान दुर्री, सत्ती किंवा अठ्ठी असेल तरी माझीच जोडी मोठी. मला हरवायला त्याला एकच पान हवे होते, दुसरा राजा.

त्याने आपल्यापुढचा सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढे लोटला.

"तेवढेच भरा, नाहीतर पानं टाका, दाजी."

पाने टाकली असती तर माझ्याकडे मूठभर चिंचोके उरले असते आणि खेळ रेंगाळत चालला असता. भरले आणि चुकलो, तर डबा तिथल्या तिथे पिशवीत जाणार होता.

तेव्हा मला दिसले, की त्याचे पालथे पान इतर पानांपासून वेगळे, उजव्या टोकाला आहे. दुर्री, सत्ती, अठ्ठी डावीकडे. आणि मधे आलेला राजा त्याने उचलून उजवीकडे, पालथ्या पानाच्या शेजारी नेऊन ठेवला होता. ती मला एकदा म्हणाली होती, "आमच्या घरी राजा हाती आला की उजवीकडं ठेवायचा. पाहुणा पाटावर बसवतात तसा. माझ्या भावाची सवय काही जात नाय."

मग उत्तर सरळ होते. उजवीकडचे पान राजा. पाने टाकावीत.

मी हात पुढे नेला आणि थांबलो. हे तिने मला सांगितले, हे त्याला माहीत असेल काय? भावाबहिणीत काय काय बोलणे होई, मला कधी कळले नाही. ती माहेरून परतली की तीन दिवस वेगळेच हसे. त्याला माहीत असेल, तर ते पान त्याने माझ्यासाठीच उजवीकडे ठेवले असणार. मी त्याच्याकडे पाहिले. तो मिशीवरून बोट फिरवत अंगणातल्या कोंबडीकडे पाहत होता. इतक्या निष्पाप चेहऱ्याने कोंबडीकडे कुणी पाहत नाही.

"मास्तर, गाडी घाटातल्या ठाकुरवाडीला पोचली असेल," मालबाबू म्हणाले. "तुमचं इंजिन अजून शेडातच."

"घाई नाय," तो म्हणाला. "दाजींना सगळं वाचून घेऊ दे."

त्या वाक्याने माझी खात्री झाली. हा मला वाचायला लावतो आहे. मी माझा ढीग पुढे सारला.

त्याने पालथे पान उलटले. बदामाची दुर्री. दुर्र्यांची जोडी, दश्श्यांपुढे काहीच नाही.

"मला राजा वाटायला लावलास," मी म्हणालो. "मुद्दाम उजवीकडे ठेवलेस."

मी काय म्हणतो ते त्याला खरेच कळले नव्हते.

"मुद्दाम कसं? लाल दुर्री हाय ती. गंजिफ्यात अर्ध्या रंगांत लहान तेच मोठं नाय का? राजा, परधान, त्याच्याखाली एक्का, मग दुर्री. दश्शी पार शेवटी. आमी साहेबाच्या पत्त्यांनाबी घरी तोच नेम लावला व्हता, लाल उलटे, काळे सुलटे. लाल दुर्री हाताला लागली की हात आपसूक उजवीकडं जातो. आता पोकरमंदी तिची किंमत नाय, ते मला ठावं हाय. म्हनून तर ढीग लोटून तुमाला भिववत व्हतो." मग त्याने विचारले, "आक्कानं तुमाला राजाचं सांगितलं, न् लालचं नाय सांगितलं?"

"नाही."

"नायच सांगायची. लालवरच मला हरवायची ती."

तो हसला आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवले. मालबाबू चिंचोके गोळा करू लागले, तेही न खोकता.

शब्दाप्रमाणे डबा माझा झाला. त्याने पिशवीची घडी केली. ती घडी पाहून मला बरे वाटायला हवे होते. पण इतकी वर्षे एका घरात राहून तिने माझ्यापासून काही राखून ठेवले होते, तेही असे क्षुल्लक, आणि ते त्याच्याकडे होते.

"आणखी काय नियम होते तुमच्या घरी?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी दिवसभर त्याच्याकडे पाहत होतो.

"डबा तुमचा, दाजी. नेम माझं."

तेव्हापासून सुटीच्या दुपारी तो येतो. मालबाबूंना तिसरे भिडू घेऊन आम्ही तिच्या पानांनी खेळतो, आणि दर खेपेस तो तिच्या घरचा एखादा नवा नियम सांगतो. त्यातले खरे किती आणि शेडापासून माझ्या घरापर्यंत येता येता रचलेले किती, हे मला समजत नाही. हल्ली तो फार जिंकतो.