काचेपलीकडचा उजेड

सत्यशीला दिवाळीला गावी आली ती लॅपटॉप घेऊनच. पाथर्डीहून जीपनं यायचं तिचं गाव. घरात रेंज नाही. म्हणून रोज दुपारी ती शाळेमागच्या टेकाडावर चढायची आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत तिच्याबरोबर काम करणाऱ्या बिभीषणशी बोलत बसायची.

आई केशरबाईची ऊसतोडीला जायची बांधाबांध चालली होती. पण लेकीचं हे टेकाड तिला खुपायला लागलं. एक दिवस सरपणाचं निमित्त करून ती मागोमाग गेली आणि बाभळीआड थांबली.

"अजून थोडं डावीकडं घे. सरकला का? खरं सांग, बिभीषण."

लेकीनं फोन ठेवताच केशरबाई पुढं झाली. "कोन हाय गं त्यो? लगीन झालंय का त्याचं?"

"झालंय, आई. पोरगी हाय त्याला. कामाचं बोलतीय."

"मंग खरं सांग कशापायी म्हनतीस? लबाड हाय का?"

हीच शंका सत्यशीलेला महिनाभर पोखरत होती.

प्रयोगशाळेतलं त्यांचं अणुघड्याळ एकाच आयनवर, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूवर चालायचं. भोवतालच्या उबेनंही त्याचा ठोका किंचित सरकतो. किती, ते काढायला दोघं त्या आयनवर लेझरचा न दिसणारा उजेड टाकत आणि ठोका किती हलला ते मोजत. काचेच्या खिडक्यांच्या बंद पेटीतल्या त्या आयनपर्यंत नेमका किती उजेड पोचला, यावर सगळं उत्तर अवलंबून. बिभीषणचं उत्तर पहिल्याच फटक्यात परदेशातल्या शास्त्रज्ञांनी गणितानं काढलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं होतं; त्यानं ते मुद्दाम जुळवलं की काय, असं तिला वाटायचं. उजेड कुठं मोजलास, असं विचारलं की तो म्हणायचा, "बघितलंय गं मी."

आईदेखत तिनं पुन्हा फोन लावला. "कॅमेरा चालू कर. उजेडाचा मीटर पेटीच्या काचांपलीकडं धर."

"आत्ता? तुझ्या सुट्टीत?"

"आत्ताच."

मीटर पलीकडं गेला आणि आकडा चांगलाच उतरला. पेटीच्या काचांमध्ये बराच उजेड अडत होता. बिभीषणनं तो फक्त काचेच्या अलीकडं मोजला होता.

"तुला आकडा चुकीचा वाटला, का मी?" त्यानं विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली. त्यानं फोन ठेवला.

केशरबाईला त्यातलं काही कळलं नाही. "चिडला म्हंजी पानी मुरतंय," एवढं बोलून ती सरपण घेऊन उतरली.

सुट्टी संपल्यावर दोघांनी मिळून सगळं पुन्हा मोजलं. उत्तर बदललं, चुकीची शक्यताही जास्त धरावी लागली, शोधनिबंध लांबला. काच आपल्या ध्यानातच आली नव्हती, असं बिभीषणनं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगितलं. सरांना ते पटलं. सत्यशीलेला अजून पुरतं पटलेलं नाही.

आता उजेड मोजताना दोघंही हजर असतात. चहाला मात्र वेगवेगळे जातात.