बोहनीचा जामीन

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाच्या दुष्काळात मी जळकोटच्या बँकेत छोट्या धंद्यांना कर्ज वाटायचो. "शेळ्या घ्या" हा माझा ठरलेला सल्ला. बाजारात पिंपं-बादल्या विकणाऱ्या बाई तो ऐकून म्हणाल्या, "चारा कुठंय साहेब? शेळी काय तुमचे फारम खाईल?" टँकरचं पाणी साठवायला पिंपं लागणार, हे त्यांना कळलं होतं. मला नाही. त्यांनी कर्ज पिंपांसाठीच घेतलं.

बोलताना त्या पिंपावर बोटांनी ताल धरायच्या. समोरच्याचं पटलं नाही की ताल बंद.

हप्त्याच्या दिवशी मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. दुपारी जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार होते. हप्ता चुकला तर बाईंचं पुढचं कर्ज अडलं असतं. पैसे पदराला बांधलेले होते, पण त्या म्हणाल्या, "बोहनीच्या आधी पैसा हातचा सोडायचा न्हाई."

"मग बोहनी मीच करतो!" मी ऐटीत एक बादली उचलली. खिशात हात घातला, तर नुसतं पावतीपुस्तक.

ताल थांबला. "उधारीची बोहनी? लई शिकलात हो साहेब!"

मी शेजारच्या चहावाल्याकडे हातउसने मागितले. तो म्हणाला, "साहेबलोकांचा काय भरोसा? उद्या बदली झाली मंजे?"

"द्या हो भाऊ," बाई ओरडल्या, "जामीन मी हाय!"

त्यानं लगेच पैसे काढले. बाईंनी ते कपाळाला लावले आणि पदराची गाठ सोडून हप्ता दिला.

त्यांना कर्ज देताना मी दोन जामीन मागितले होते. माझ्यासाठी त्या एकट्या पुरल्या.