माझं नाव खोडणारे सर

सलीमचा फोन आला तेव्हा दुकानात लग्नाच्या बस्त्याचं गिऱ्हाईक बसलेलं होतं. अंबडकडची मंडळी, गादीवर साड्यांचा ढीग, नवरीची मावशी कुठल्याच रंगावर ठरत नव्हती. सलीम आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. तो इतकंच म्हणाला, "तौर सर गेले." मी "बरं" म्हणालो आणि बस्ता पूर्ण केला. बस्ता अर्धा टाकून उठता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं खरंच. पण उठलो असतो तर काय करावं हेही मला सुचलं नसतं. ज्या माणसाशी मी एकोणीस वर्षं बोललो नव्हतो आणि पुढची सहा वर्षं ज्याच्याशी बोलायला निमित्त शोधत होतो, तो गेला होता.

तौर सर मूळचे आष्टीचे. आमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून आले तेव्हा मैदानावर फक्त क्रिकेट चालायचं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नोटीस लावली, की फुटबॉल खेळायचं असेल त्यानं चार वाजता यावं. आम्ही नऊ जण गेलो. पैकी तिघं, मी धरून, क्रिकेटच्या टीममधून वगळलेले. मैदानात गवतापेक्षा खडे जास्त, म्हणून रोज आधी सगळ्यांनी एका ओळीत वाकून खडे वेचायचे आणि मग चेंडूला हात... म्हणजे पाय लावायचा. सरही ओळीत असायचे. मी जुन्या जालन्यातल्या मारवाडी कापडवाल्याचा मुलगा, घरी वाकून केरही काढला नव्हता. पहिल्या दिवशी कंबर धरून उभा राहिलो तर सर म्हणाले, गोपाल, तू डाव्या पायाचा हायस, तुला मागं डावीकडं ठेवतो, तिकडून कुणी जाता कामा नये. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जागा दिली होती, जी वडिलांच्या गादीवरची नव्हती.

तिसऱ्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलो, तोही आमच्याच मैदानावर. त्या वर्षी सर खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या समितीतही होते. सामन्याच्या सकाळी कुणीतरी समोरच्या टीममधल्या एका खेळाडूबद्दल तक्रार केली. ती खोटी निघाली. पण सर म्हणाले, त्यांचे कागद पाहिले तर आपले बी पाहायचे. आमच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कुणी ते मागितलेही नव्हते.

त्या वर्षी वडील आजारी होते, मी दुकानावर बसलो होतो आणि प्रवेश घ्यायला उशीर झाला होता. स्पर्धेच्या मुदतीनंतर घेतलेला प्रवेश चालत नाही. ऑफिसातल्या एका भल्या माणसानं फॉर्मवर मागची तारीख टाकली, टीमचं नुकसान नको म्हणून. सरांनी इतर फॉर्मांबरोबर त्यावरही सही केली होती. आता त्यांनी तो फॉर्म फीच्या पावतीशी ताडून पाहिला आणि मला मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली बोलावलं. प्रवेश कधी घेतला, एवढंच विचारलं. मी फॉर्मवरची तारीख बघत राहिलो. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोर माझं नाव खोडलं. आधीच्या सामन्यातही मी खेळलो होतो, त्यामुळे सगळी टीमच बाद झाली. सलीमनं हातमोजे सरांच्या पायाशी फेकले. सरांनी ते उचलले, झटकले आणि त्याच्या हातात परत दिले.

दोनेक महिन्यांनी सर विद्यापीठाच्या क्रीडा विभागात गेले आणि आमची खात्री झाली. आमच्या खांद्यावर पाय देऊन वर चढला, असं आम्ही म्हणायचो. मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचो... कारण मागची तारीख मला माहीत होती, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मस्तगड भागात ते समोरून आले की मी रस्ता ओलांडायचो.

माझी मुलगी कॉलेजात गेली आणि शर्यतीत पळायला लागली. एका दुपारी दुकानासमोर स्कूटर थांबली. सर. केस पांढरे, हातात प्लास्टिकची पिशवी. गादीच्या कडेला बसले आणि मुलीचा स्पर्धेचा फॉर्म काढला. बारावीच्या प्रमाणपत्रावर जन्माचा महिना एक, फॉर्मवर दुसरा. मुदतीला अजून वीस दिवस हायेत, आज कॉलेजात पाठव, दुरुस्त होऊन जाईल, म्हणाले. तेव्हा मला कळलं, की दर पावसाळ्यात ते असे कॉलेजा-कॉलेजात फिरून फॉर्म वाचतात. त्यांच्या पदाच्या माणसाला याची गरज नव्हती. चूक सापडली की बाद करायचं, एवढंच त्यांचं काम होतं. ते मुदतीच्या आधी शोधायला निघायचे.

चहा आला. मी म्हणालो, "सर, तारीख मागची होती हे मला तेव्हाच माहीत होतं."

"मला बी माहीत होतं, तुला माहीत हाय ते." त्यांनी कप खाली ठेवला. "तू पोरगा होता गोपाल. सही माझी होती. वाचून करायला पाहिजे होती मी."

एवढंच. मग मुलगी किती सेकंदात पळते ते विचारत बसले.

सर वारल्यावर तिसऱ्या दिवशी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना भेटायला गेलो. विद्यापीठातल्या त्या नेमणुकीचा विषय त्यांनीच काढला. ती बढती नव्हती. अंतिम सामना हातचा गेला म्हणून कॉलेजवाले चिडले होते. कागदाची एवढी आवड असेल तर कागदच सांभाळा, म्हणून मैदान काढून घेतलं आणि तिकडे पाठवून दिलं. सरांनी त्यानंतर एकही टीम तयार केली नाही. घरी वर्षभर संध्याकाळी चार वाजले की बूट घालून बसायचे, काकू म्हणाल्या, आणि मंग काढून ठेवायचे. आम्हाला हे कधीच सांगितलं नाही त्यांनी... आणि आम्ही विचारलंही नाही.

परवा पुन्हा गेल्तो. बाहेरच्या खोलीत त्यांची वेताची खुर्ची तशीच, शेजारच्या स्टुलावर मोबाइल चार्जिंगला लावलेला. निवृत्तीनंतर फिरणं झेपेना, तेव्हा मुदतीच्या आठवड्यात ते या खुर्चीत बसून प्रत्येक कॉलेजला फोन करायचे. फोन अजून बंद का केला नाही, म्हणून मी विचारलं. काकू म्हणाल्या, मागच्या आठवड्यात वाजला. परतूरकडच्या एका कॉलेजातल्या नव्या मॅडम होत्या, त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचली नव्हती. यंदा सरांचा फोन आला नाही म्हणून त्यांनीच केला. सगळे फॉर्म दोनदा वाचले, बराबर आहेत, सरांना तेवढं सांगा, असं म्हणत होत्या.

"मंग तुम्ही काय म्हणालात?"

"सांगते म्हणाले," काकू म्हणाल्या.