बदलीचा माणूस

हार्डवेअरच्या दुकानात सुटे नट कुठल्या ना कुठल्या डब्यात साचत जातात. टाकवत नाहीत, आणि कुणी मागतही नाही. आमच्या मुलांचे किस्से तसेच साचले आहेत. कुणी भेटलं की एकेक निघतो. आज सगळा डबाच उपडा करते.

सुरुवात एका मंगळवारी झाली. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती आणि मी ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. सुभेदार घोळव्यांचा फोन आला. "वहिनी, ओंकारची पोस्टिंग आली! रेवणआप्पांचं हार्डवेअर, माजलगाव मोंढा. सोमवारपासून हजर!"

सुभेदारसाहेब माझ्या नवऱ्याच्या युनिटमधले. त्यांची रेश्मा आणि माझा ओंकार, दोघंही ऑटिस्टिक. तालुक्यात फौजी घरांतली अशी आणखी दोन मुलं निघाली, तेव्हा साहेबांनी चौघांसाठी इंटर्नशिप सुरू केली. एक दुकान, सहा महिने, काम शिकायचं.

पाच वर्षांपूर्वी युनिटमधून ह्यांची बातमी सांगणारा फोन आला, तेव्हाही मी अशीच ज्वारी निवडत होते. तेव्हा सूप तसंच टाकून उठले होते. या वेळी पूर्ण निवडून उठले.

आप्पांनी पहिल्याच भेटीत अट सांगितली होती. "बाई, सहा म्हैने म्हंजे सहा म्हैने. त्याच्यावर एक दिस न्हाई. मला माणूस लागत न्हाई, कामाला सलीमभाई हाय." मी बरं म्हटलं. एकवीस वर्षांच्या मुलाला माजलगावात दुसरं कुठलंच दार उघडलं नव्हतं, आणि सहा महिन्यांनी हेही बंद होणार होतं. एवढं मला त्या दिवशीच माहीत होतं.

*

आप्पांच्या पाटीवर लिहिलंय, 'वेळ सकाळी ९.३०'. आप्पा महादेवाला जाऊन, कपाळाला भस्म लावून, वाटेत चार जणांशी बोलून निवांत यायचे. ओंकार नऊ वीसला शटरसमोर उभा.

पहिल्या दिवशी आप्पा आले तसा त्यानं घड्याळ पाहिलं. "आप्पा, चौतीस मिनिटं."

दुसऱ्या दिवशी, "एकवीस मिनिटं." तक्रार नव्हती, राग नव्हता. नुसती माहिती!

आठव्या दिवशी आप्पांच्या मंडळींचा मला फोन. "बाई, तुमच्या पोरानं काय केलं वो ह्यांना?"

 "का? काय झालं?"

"साडेनवाला दुकानात असत्यात! तीस वर्सं मी बोलून बोलून थकले!"

*

आप्पांच्या दुकानात वस्तू कुठे आहे ते फक्त आप्पांना ठाऊक. पाइपचे कोपर खिळ्यांच्या मागे, नळाचे वॉशर चहाच्या डब्यात. ओंकारनं दोन महिन्यांत सगळं मापाप्रमाणे लावलं आणि प्रत्येक डब्याला बाहेरून त्यातलाच एक नमुना तारेनं बांधला. शेतकऱ्यानं नुसतं बोट दाखवायचं.

एकदा एक जुनं गिऱ्हाईक आलं आणि पाऊण इंची कोपर मागितला. आप्पांनी सवयीनं खिळ्यांमागे हात घातला. तिथे भिंत! मग ओंकारला हाक मारली.

गिऱ्हाईक म्हणालं, "आप्पा, दुकान कुणाचं हाय?"

"म्होरल्या म्हैन्यापर्यंत माझं व्हतं," आप्पा म्हणाले.

ते 'मागल्या' म्हणणार होते. सलीमभाई हसून हसून पोत्यावर बसले.

*

पाइप कापायचं मशीन सुरू झालं की ओंकार कान दाबून काउंटरखाली शिरायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा सुभेदारसाहेब धावत आले आणि मोठ्यानं म्हणाले, "ओंकार, सावधान!" तो आणखी आत गेला.

उपाय सलीमभाईंना सापडला. सलीमभाई सिरसाळ्याचे, शाळेत फारसे न गेलेले. मशीन लावायच्या आधी ते खुंटीवरचं लाल फडकं हलवून दाखवायचे. ओंकार शांतपणे उठून समोरच्या कडुलिंबाखाली जायचा. काम झालं की हिरवं फडकं. तो परत!

मी विचारलं, "सलीमभाई, तुम्हाला हे सुचलं कसं?"

"बैलाला चाबूक दाखवून मारलं तर बैल बिचकत न्हाई बाई. न सांगता मारलं की बिचकतो. आवाजाचंबी तसंच असंल की."

आता गिऱ्हाईकंही फडकं हलवतात. आप्पांनी एक लाल फडकं घरीही नेलं म्हणे, मंडळींचा आवाज वाढला की दाखवायला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

*

रेश्मा साडीच्या दुकानात होती. तिची घडी अशी, की काठाला काठ जुळलाच पाहिजे. कुणी साडी उलगडली की ती शेजारी उभी राहून बघायची. बायका म्हणायच्या, "माय, उघडायचीच भीती वाटती!" शिरूर कासारची एक नवरीकडची पार्टी तर तिसऱ्या साडीलाच पसंती देऊन मोकळी झाली. मालक खूश.

एक दिवस सुभेदारसाहेब इन्स्पेक्शनला गेले. सवयीनं एक साडी उचलून पाहिली आणि घडी करून ठेवली. रेश्मानं ती उलगडली. "परत."

त्यांनी परत केली. "परत."

चौथ्या वेळी पास झाले. बाहेर येऊन मला म्हणाले, "वहिनी, एकतीस वर्षं बिस्तर लावला. बड्या बड्या साहेबांनी पाहिला. घडी नापास पहिल्यांदा झाली!"

*

एका शुक्रवारी सलीमभाईंना नमाजाला जायचं होतं. गोदामाच्या दारात ओंकारला बसवून म्हणाले, "मी येईस्तोवर बस." नमाज झाली, तिथे भाचा भेटला आणि सलीमभाई त्याच्या गाडीवर थेट सिरसाळ्याला गेले!

संध्याकाळी सहाला आप्पा गोदाम बंद करायला गेले. ओंकार तिथेच. जेवणाचा डबा उघडलेला नव्हता.

"कावून बसला रं इथं? जेवलाबी न्हाईस?"

"बदलीचा माणूस आला नाही."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला विचारलं. मी सांगितलं. ह्यांनी त्याला लहानपणी शिकवलेला खेळ आहे तो. जालंधरच्या क्वार्टरमध्ये एक जण दारात पहारा द्यायचा आणि दुसरा समोर येऊन 'बदली' म्हणेपर्यंत हलायचं नाही. ह्यांची ड्यूटी असली की माझा नंबर लागायचा, पण माझ्या 'बदली'वर ओंकारचा फारसा विश्वास नव्हता.

शेवटच्या सुट्टीवरून जाताना रिक्षा आली आणि घाई झाली. ओंकार दारात उभा होता. ह्यांचं म्हणायचं राहून गेलं. हे मी आप्पांना सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून सलीमभाई चहापुरते ओंकारला दारात बसवून गेले, तरी थोड्या वेळानं आप्पा स्वतः उठून गोदामाच्या दाराशी जातात आणि मोठ्यानं म्हणतात, "बदली!"

*

सहा महिने संपले. सुभेदारसाहेबांनी सर्टिफिकेट आणलं, आप्पांनी शाल आणि नारळ दिला, सलीमभाईंनी पेढे वाटले. आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुणी पोरगं हाय बाई. पण ठरलं त्ये ठरलं."

मी आभार मानले. मागण्यासारखं पुष्कळ होतं, पण अट मीच मान्य केली होती. रात्री ओंकारला तीनदा समजावलं, उद्या जायचं नाही. त्यानं तीनदा ऐकून घेतलं.

सकाळी उठले तर तो घरात नव्हता. मी तशीच मोंढ्यात गेले. शटरसमोर ओंकार. नऊ वीस. मी म्हटलं, "चल घरी." तो हलला नाही. मी जरा हळू आवाजात म्हटलं, "बदली." तरी हलला नाही.

आप्पा नऊ एकोणतीसला आले. भस्म ओलंच होतं.

"काय बे, कालच तर शाल पांघरली तुला!"

"बदलीचा माणूस कुठाय?"

आप्पांनी सलीमभाईंकडे पाहिलं. सलीमभाई लिंबाकडे पाहू लागले.

'बदली' हा एक शब्द आप्पांनी म्हटला असता तर ओंकार गुमान घरी आला असता. त्यांना ते ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. मोंढ्यातल्या हमालांनासुद्धा ठाऊक होतं.

आप्पांनी किल्ली काढली आणि ओंकारच्या हातात दिली. "शोधतो. तंवर शटर उघड."

तेव्हा कारखान्यांचे बॉयलर पेटत होते, ऊसतोडीच्या गाड्या नुकत्याच निघाल्या होत्या. त्या गाड्या परत आल्या, आणि आता पुन्हा निघाल्या आहेत. किल्ली ओंकारच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात आहे. बाजारच्या दिवशी आप्पा भेटतात, आणि मी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणतात, "बाई, तेवढं एक काम राहूनच चाललंय बगा."

आप्पांनी बदलीचा माणूस अजून शोधलेला नाही.